जास्तीचा पगार आला, तर?

भिंगारमधल्या कुठल्याही गल्लीत तीन तऱ्हेच्या पगारांची घरे हमखास सापडतात. एक नागापूर एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याचे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंचे आणि एक संरक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या आजोबांचे. चूक तिन्ही घरांत एकच होऊ शकते, ती म्हणजे हिशेब करणाऱ्याच्या हातून जास्त पैसे जमा होणे. पण ते परत कसे जातात, किती जातात आणि मुळात जातात की नाही, हे प्रत्येक घरी वेगळे ठरते.

एमआयडीसीतला पगार

आधी साधा हिशेब घेऊ. एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 26,000 रुपये आहे, दुसरा कुठलाही भत्ता नाही. कंपनी 26 दिवसांनी भाग देते, म्हणजे दिवसाला 1,000. त्याने चार दिवस बिनपगारी रजा घेतली, पण हजेरीत ती चढलीच नाही आणि पगार पूर्ण आला. म्हणजे 4,000 रुपये जास्त.

आता बँकेत किती जास्त आले ते पाहा. कंपनी पूर्ण पगारावर 12 टक्के पीएफ कापत असेल, तर या 4,000 मधले 480 रुपये पीएफच्या खात्यात गेले. कामगाराच्या हातात पडले 3,520. ऑफिसने ‘चार हजार रोख आणून दे’ म्हटले आणि त्याने दिले, तर 480 रुपये त्याच्या खिशातून गेले. म्हणून रक्कम पगारातून वळती करून घ्यायला सांगावे आणि पीएफचा हिशेबही त्याच वेळी दुरुस्त करायला सांगावे.

हे पैसे आपले नव्हेत, हे मात्र मनाशी पक्के धरावे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 72 प्रमाणे चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात. ‘चूक त्यांची होती’ किंवा ‘खर्च होऊन गेले’ एवढ्याने सुटका होत नाही. उलट माहीत असून गप्प बसलेल्या माणसाची बाजू पुढे लंगडी पडते. म्हणून पगारपत्रक पाहून शंका आली की त्याच आठवड्यात अर्ज द्यावा. चार ओळी पुरतात:

‘माझ्या गेल्या महिन्याच्या पगारातून 4 दिवसांची बिनपगारी रजा वजा झालेली दिसत नाही. जास्त जमा झालेल्या रकमेचा हिशेब मला लेखी कळवावा. ती रक्कम हप्त्यांनी पगारातून वळती करून घ्यावी, ही विनंती.’

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का किंवा पोच घ्यावी. शिक्का देत नसतील, तर तोच मजकूर ईमेलने पाठवावा.

कंपनीला पगारातून कापून घेण्याचा अधिकार आहे. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात जास्त दिलेल्या वेतनाची वजावट मान्य होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहिता, 2019 मध्येही ती कलम 18 खाली आहे. पण त्याच कलमात मर्यादाही आहे. एका महिन्यातल्या सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या 50 टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत.

आपल्या कामगाराला हे लावून पाहू. पीएफ 3,120, व्यवसाय कर 200 आणि पतसंस्थेचा हप्ता 8,000, म्हणजे 11,320 आधीच कापले जातात. निम्मा पगार 13,000. वजावटीला जागा उरली 1,680 रुपयांची. म्हणजे 4,000 रुपये एका महिन्यात कापताच येत नाहीत. 1,680, 1,680 आणि 640 असे तीन हप्ते होतात. हप्ते मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे, ते या बेरजेतूनच निघतात. कपात याहून जास्त झाली, तर कामगार आयुक्त कार्यालयात दाद मागता येते. संहितेखाली दाव्याची मुदत तीन वर्षे आहे. जुन्या कायद्यात ती बारा महिने होती.

दोन गोष्टी लगेच सांभाळायच्या. रक्कम एकदम परत करायचीच असेल, तर कंपनीच्याच खात्यात भरावी; कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पाठवू नये. आणि हिशेब 31 मार्चच्या आत मिटवावा. त्याच आर्थिक वर्षात वजावट झाली की फॉर्म 16 मध्ये पगाराचा आकडा बरोबर येतो. वर्ष उलटले, तर हातात न राहिलेल्या पैशावरचा आयकर निस्तरत बसावे लागते.

सरकारी पगार

शाळेतल्या बाईंच्या घरी या चुकीला नाव आहे ‘अतिप्रदान’. इथे घोळ एका महिन्याचा नसतो. वेतननिश्चितीत एक वेतनवाढ चुकून जास्त धरली जाते, तिच्यावर महागाई भत्ता चढतो, पुढची प्रत्येक वेतनवाढ त्याच चुकीच्या पायरीवरून मोजली जाते. निवृत्ती जवळ आली की सेवापुस्तक वेतनपडताळणी पथकाकडे जाते आणि तिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वीची ती नोंद सापडते. मग लाखांची वसुली निघते.

अशा वेळी 18 डिसेंबर 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामाला येतो: पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह. कर्मचाऱ्याने फसवणूक केलेली नसताना पाच परिस्थितींत वसुली करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. कर्मचारी वर्ग 3 किंवा 4 चा असेल तर. तो निवृत्त झाला असेल किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात होणार असेल तर. जास्त रक्कम आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल तर. चुकून वरच्या पदाचे काम करायला लावून त्याचा पगार दिला असेल तर. आणि वसुली इतकी जाचक ठरत असेल की मालकाचा हक्क तिच्यापुढे फिका पडावा, तर.

यात बारकावा असा की संरक्षण मिळते ते मागच्या वसुलीपासून. वेतननिश्चिती दुरुस्त होऊन पुढचा पगार आणि पेन्शन कमी होणे या निकालाने थांबत नाही.

आणि मोठा अडसर असतो हमीपत्राचा. सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती झाली तेव्हा विकल्पासोबत ‘जास्त रक्कम निघाल्यास परत करीन’ अशा मजकुराच्या कागदावर सह्या झाल्या. 2016 च्या जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशाच हमीपत्राला महत्त्व दिले आणि निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याकडून दोन वर्षांच्या हप्त्यांत वसुलीला परवानगी दिली. म्हणून वसुलीची नोटीस आली की तीन कागद मागावेत: चुकीची मूळ नोंद, वर्षनिहाय हिशेब आणि आपल्या सहीच्या हमीपत्राची प्रत. म्हणणे लेखीच मांडावे. तरीही वसुली लादली, तर राज्य शासनाचे कर्मचारी छत्रपती संभाजीनगरच्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात आणि जिल्हा परिषदेचे कर्मचारी तिथल्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठात.

पेन्शन

आजोबांच्या घरी पैसे परस्पर कापले जाण्याची भीती जास्त. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून 1994 मध्ये निवृत्त झालेल्या असिस्टंट फोरमनच्या पेन्शनमधून बँकेने जास्त रक्कम दिल्याचे सांगत वसुली सुरू केली. तेव्हा ते 85 वर्षांचे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट 2020 मध्ये कापलेली रक्कम परत करायला लावली आणि बँकेवर 50,000 रुपयांचा खर्चही बसवला. पेन्शन किती, हे नोकरी देणाऱ्याने ठरवायचे. बँकेचे काम ती देण्याचे, हा त्या निकालाचा गाभा.

म्हणून बँकेत पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हा आकडा खात्याच्या आदेशातला आहे की तुमच्या संगणकातला? आदेशातला असेल, तर प्रत मागावी. कुटुंब निवृत्तिवेतनात हे विशेष तपासावे. पतीच्या निधनानंतर सुरुवातीला वाढीव दर मिळतो आणि ठरावीक मुदतीनंतर तो साध्या दरावर येतो. मुदत संपूनही वाढीव दर चालू राहिला की जास्त रक्कम साचत जाते. मुदतीची तारीख पेन्शनच्या आदेशातच छापलेली असते. ती घरातल्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावी आणि त्या महिन्यात पासबुक भरून आणावे.

नोकरीत असलेल्यांनी यातले एक काम याच महिन्यात उरकावे. एमआयडीसीतल्याने बारा महिन्यांची पगारपत्रके एका फाईलला लावावीत. बाईंनी आपले दुय्यम सेवापुस्तक कार्यालयातल्या मूळ पुस्तकाशी ओळीने ताडून पाहावे. चुकीची वेतनवाढ निवृत्तीआधी दहा वर्षे सापडली, तर ती कारकुनी दुरुस्ती असते. तीच निवृत्तीच्या महिन्यात सापडली, तर ग्रॅच्युइटी अडकते आणि संभाजीनगरच्या खेपा सुरू होतात.