व्यायाम चालू, तरी दम का लागतो?

रोजचा व्यायाम चुकत नाही, तरी दुसऱ्या मजल्यावरच धाप लागते, नेहमीची टेकडी चढताना पाय भरून येतात. अशा वेळी व्यायाम वाढवण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

फुप्फुसांतला प्राणवायू स्नायूंपर्यंत नेते ते हिमोग्लोबिन, आणि ते तयार व्हायला लोह लागते. लोहाचा साठा फेरिटिनच्या तपासणीतून कळतो. आधी हा साठा आटतो, हिमोग्लोबिन नंतर उतरते. म्हणून नुसते हिमोग्लोबिन पाहून निश्चिंत होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढांत फेरिटिन लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले, तर लोहाची कमतरता मानतात. अंगात ताप किंवा संसर्ग असेल, तर हा आकडा वाढलेला दिसू शकतो.

पाळीतला जास्त रक्तस्राव, लांब पल्ल्याचे धावणे आणि आहारातली उणीव ही नेहमीची कारणे. शाकाहारी मंडळींनी बी-१२ही पाहावे. थायरॉइडची तपासणीही करावी.

लोह नीट शोषले जावे म्हणून डाळ-भाजीवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा टाळा. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. जादा लोहही बाधते. व्यायाम करताना छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांना गाठा.