पेटंटला हरकत घेणाऱ्या दोघी

मैत्रिणींनो, ‘पेटंट’ हा शब्द आपण वापरतो तो ‘हे तर सासूबाईंचं पेटंट वाक्य!’ असा. कायद्यातलं पेटंट मात्र थेट आपल्या औषधाच्या गोळीशी येऊन भिडतं. मला ते खऱ्या अर्थाने उमगलं ते दोन मुलींमुळे.

मुंबईची नंदिता वेंकटेसन. भरतनाट्यम करणारी. तिला क्षयरोग, म्हणजे टीबी, दोनदा झाला. २०१३ मध्ये उपचारातल्या इंजेक्शनांचा दुष्परिणाम होऊन तिची ऐकण्याची शक्ती गेली. तिकडे दक्षिण आफ्रिकेत फुमेझा टिसिले हिचंही तेच झालं. नाच करणाऱ्या मुलीला तबला-मृदंग ऐकू येऊ नये, विचार करा!

अशा इंजेक्शनांची गरज कमी करणारी बेडाक्विलिन ही गोळी २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झाली. टीबीवर नव्या प्रकारचं औषध यायला चाळीसहून जास्त वर्षं गेली होती. एवढी का? टीबी बहुतेक गरिबाघरी मुक्काम करतो. पेटंट म्हणजे विक्रीतून कमाई करण्याचा हक्क. घेणाऱ्याच्या पदरात पैसाच नसेल, तर त्या हक्काचं कंपनीला काय कौतुक? संशोधन पैशामागे धावतं, ते असं.

पेटंट हा खरं तर एक सौदा आहे. आपण गोडा मसाल्याचं प्रमाण शेजारणीलाही सांगत नाही. पेटंट घेणाऱ्याला मात्र आपली सगळी कृती उघड लिहून द्यावी लागते. बदल्यात अर्जापासून वीस वर्षं दुसऱ्या कुणालाही ती वस्तू करून विकता येत नाही. मग कृती सगळ्यांची. खर्च करून शोध लावणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा, याबद्दल माझं दुमत नाही. (बेडाक्विलिनच्या चाचण्यांत सरकारी आणि देणगीचा पैसाही होता, हे मात्र विसरू नये.)

गोम पुढे आहे. वीस वर्षं संपण्याआधीच त्याच औषधाच्या थोड्या वेगळ्या रूपावर नवं पेटंट मागायचं. मसाला तोच, पुडी नवी! आपला १९७० चा कायदा औषधाच्या फक्त कृतीला पेटंट देई, म्हणून इथल्या कंपन्यांनी दुसऱ्या कृती शोधून स्वस्त औषधं काढली. २००५ पासून औषधालाही पेटंट मिळू लागलं. पण तेव्हाच कलम ३(ड) मध्ये अट घातली, की जुन्याच औषधाचं नवं रूप जास्त गुणकारी ठरलं नाही तर पेटंट नाही.

बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्या क्षारावर आणखी पेटंट मागितलं. ते मिळतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. आपल्या कायद्यात मंजुरीआधी कुणीही हरकत घेऊ शकतं. या दोघींनी २०१९ मध्ये ती घेतली. दोघी तेव्हा बऱ्या झालेल्या, स्वतःला गोळी नको होती! मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं फुकट मिळतात, पण सरकारला ती विकतच घ्यावी लागतात. म्हणून भाव महत्त्वाचा. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक खरेदी यंत्रणेने नवे दर जाहीर केले, त्यात भारतीय कंपनीची गोळीही आली, आणि खुद्द जॉन्सनचा सहा महिन्यांच्या औषधाचा दर निम्म्याहून खाली, १३० डॉलरवर उतरला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. या दोघींनी हरकत घेतली तेव्हा त्यासाठी शुल्क नव्हतं. २०२४ च्या नियमांनी ते लागू केलं, शिवाय हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे अधिकारी आधी ठरवणार. औषध कंपनीला या शुल्काचं काहीच नाही. ते जड जाईल ते आजारातून नुकत्याच उठलेल्या मुलीला.