कार्पेंटरमावशींचं माहेर

१८५०च्या शिरगणतीचा भाग वाचून एका वाचकबाईंनी विचारलंय : आनंदीबाई जोश्यांना लेकीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंचं माहेर कोणतं, हे तुमच्या रीतीनं शोधून दाखवाल का? अशा प्रश्नासाठी ठरलेला विषय खुशाल थांबू दे.

थिओडोशिया कार्पेंटर न्यू जर्सीतल्या रोझेलच्या. १८८० साली दंतवैद्याकडे खोळंबल्या असताना एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्र त्यांच्या नजरेला पडलं. पुढची हकिगत सांगायला नको. ४ जून १८८३ला न्यू यॉर्कच्या धक्क्यावर आनंदीबाईंना घ्यायला त्याच हजर होत्या. पण तिथल्या जुन्या कागदांत त्यांना शोधायला गेलं, की आधी भेटतो नवरा. लग्न झालेली बाई म्हणजे ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. शिरगणतीत स्वतःचं नाव मिळतं, पण आडनाव सासरचंच.

म्हणून बाईचा शोध मी दफनभूमीपासून सुरू करतो. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटरमावशींकडे पोचल्या आणि मावशींनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या, पोकिप्सीच्या रूरल सिमेटरीत. आता नकाशा बघा. पोकिप्सी हडसन नदीच्या काठी, न्यू यॉर्क राज्याच्या डचेस काउंटीत. संसार एका राज्यात आणि कुटुंबाची दफनाची जागा दुसऱ्या राज्यात, तर घराची मुळं तिकडे असणार. पण कोणाची, नवऱ्याची की बायकोची? दुसरी खूण घरातच वावरत होती. मावशींच्या एका लेकीचं नाव आयमी, आणि आयमी हे डचेस काउंटीतलं जुनं आडनाव. आईचं माहेरचं आडनाव मुलांना पहिलं किंवा मधलं नाव म्हणून ठेवायची तिकडे पद्धतच होती. अशी नावं दिसली, की मी हातातलं काम सोडून त्यांच्यामागे लागतो.

तरी हा झाला अंदाज. पुरावा हवा तर जमिनीचे दस्त काढावे लागतात, आणि माझ्या मते बायकांच्या शोधात त्यांच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. जुन्या कायद्यानं नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा ‘डॉवर’ असे : नवऱ्याच्या मागे त्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचा हयातभर उपभोग. तो हक्क तिनं सोडल्याखेरीज घेणारा निर्धास्त होत नसे, म्हणून विक्रीच्या दस्तावर तिची सही घेत. शिवाय अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारी, की बाई, सही राजीखुशीनं करता ना, नवऱ्याचा धाक नाही ना? तसा दाखला दस्ताच्या शेवटी लिहिला जाई. सही न येणारीची फुली असे, नाव आणि आडनाव यांच्या मधोमध. वर्तमानपत्रात जिचा उल्लेखही नाही, ती इथे नावानिशी आणि स्वतःच्या तोंडच्या उत्तरासकट सापडते.

त्याहून मोठा खजिना बाप वारल्यानंतरच्या दस्तात. भावंडं मिळून शेत विकतात, किंवा आपल्याकडे बहिणी हक्कसोडपत्र देतात तसे आपले हिस्से एका भावाला लिहून देतात. अशा वेळी लेकी येतात त्या नवऱ्याच्या नावासह, राहत्या गावासह आणि कोणाच्या वारस ते सांगत. सासर आणि माहेर एकाच कागदावर!

मावशींच्या बाबतीत सोय अशी, की डचेस काउंटीचं ठाणं पोकिप्सीलाच आहे. काउंटी क्लार्कच्या कचेरीत दस्तांच्या दोन सूची असतात, देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. देणाऱ्यांच्या सूचीत ‘कार्पेंटर’वर थांबू नका, ‘आयमी’ही बघा, वारसांचा दस्त पुष्कळदा पहिल्या नावाखालीच चढवलेला असतो, आणि पहिलं नाव भावाचं असू शकतं. स्पेलिंगं मात्र जितकी सुचतील तितकी सगळी बघायची, कारण कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. मग सरोगेट कोर्टात मृत्युपत्रं. मृत्युपत्रात बाप नुसतं ‘माझी मुलगी’ म्हणून मोकळा होतो, पण ते मंजूर करून घेण्याच्या अर्जात वारसांची नावं आणि गावं द्यावी लागत. आणि १८५५ची न्यू यॉर्क राज्याची स्वतःची शिरगणती विसरू नका. केंद्राच्या शिरगणतीत जन्माचं फक्त राज्य येतं. इथे राज्यातच जन्मलेल्यांची काउंटीही विचारली आहे. न्यू जर्सीत संसार थाटलेली बाई लहानपणी डचेसमध्ये कोणाच्या घरात होती, हे बघायला यासारखी जागा नाही.

आजचा ठरलेला विषय, १८९०ची शिरगणती, त्यामुळे राहिला. वॉशिंग्टनमध्ये १९२१ साली आग लागून त्या शिरगणतीची वाताहत झाली, पण १८९० सालीच माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी केली होती आणि तिचा बराच भाग वाचला. तिच्यात विधवा कशा शोधायच्या, ते पुढच्या आठवड्यात.