सिझर झालेल्या बाळंतिणीचा सव्वा महिना

तळा तालुक्यातील एखाद्या वाडीवरची लेक अडली की तिला इंदापूरमार्गे माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे लागते. कधी थेट अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. ऑपरेशन होते, बाळ रडते आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. पाच-सहा दिवसांनी मायलेकरू घरी येतात. आमच्या मते खरी परीक्षा तेव्हापासून सुरू होते, आणि ती बाळंतिणीची नसून घरच्या माणसांची असते.

"हिने कुठे कळा सोसल्या? हिला तर आयतेच बाळ काढून दिले," असे बोल आजही आपल्या वस्त्यांत ऐकू येतात. भगिनींनो, सिझर म्हणजे पोटाचे मोठे ऑपरेशन आहे. कातडी, चरबी, स्नायूंवरचे आवरण आणि गर्भाशय असे एकेक थर उघडून बाळ बाहेर काढतात व पुन्हा शिवतात. वरचे टाके आठ-दहा दिवसांत सुकलेले दिसले तरी आतले थर भरून यायला किमान सहा आठवडे लागतात. जुन्या माणसांचा सव्वा महिना आणि डॉक्टरांचे सहा आठवडे यांत फारसे अंतर नाही. सव्वा महिन्याची ही रीत चांगली आहे, ती सोडू नये. सोडायचे आहे ते तिच्याभोवतीचे अज्ञान.

सेवा हाच धम्म

आपल्या तळ्याजवळच कुडा लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी शिलालेखात सोमदेव नावाच्या वैद्याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. त्याचे वडील इसिरखित हे उपासक होते. या लेखात सोमदेवाच्या मुलांबरोबर मुलींचीही नावे कोरली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात वैद्यकी आणि धम्म एकाच घरात नांदत होते. स्वतः तथागतांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला आनंदाच्या मदतीने आंघोळ घातली आणि रुग्णाची सेवा ही माझीच सेवा आहे, असे भिक्खुसंघाला शिकवले. मग आपल्या घरच्या बाळंतिणीची सेवा करण्यात पुरुषाला कमीपणा तो कसला?

काय करावे

बाळंतिणीने बाळाहून जड काहीही उचलू नये. पाण्याचा हंडा, लाकडाची मोळी, धुण्याची बादली, धान्याचे पोते, यांतले काही नको. घरातली दुसरी कच्चीबच्चीही तिने कडेवर घेऊ नयेत. मात्र दिवसभर अंथरुणावर पडून राहणेही घातक आहे. त्याने पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. घरातल्या घरात थोडे थोडे चालावे व रोज थोडे वाढवावे. उठताना एकदम उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, हाताचा टेका घ्यावा आणि मग उठावे. खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी दाबून धरावी. बाळाला कुशीवर निजून पाजले तर टाक्यांवर भार येत नाही.

डॉक्टरांनी सांगितल्यावर रोज आंघोळ करावी. जखम साबणाच्या पाण्याने हलकेच धुऊन स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करावी. तिच्यावर हळद, तेल, राख, पाला असे काहीही लावू नये. पोटाला चोळू नये. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून खोली बंद करण्याची रीत तर मुळीच नको. निखाऱ्याचा वायू बंद खोलीत आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर उठू शकतो.

"पाणी प्यायले तर पोट सुटते, टाक्यांत पू होतो," हा निव्वळ गैरसमज आहे. पाणी भरपूर प्यावे, नाहीतर बद्धकोष्ठ होऊन कुंथताना टाके दुखतात. खाण्याचे पथ्य सांगून तिला उपाशी ठेवू नका. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मुगाचे वरण, शेवग्याचा पाला, अंडी, ताजी मासळी हे सारे तिला द्यावे. जखम भरायला आणि दूध यायला हेच लागते. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या असतात. त्या चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. बाळाला सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. मध नको, गुटी नको.

पाचवीची पूजा, सटवाईचा टाक, अंगारा यांना आपण १९५६ सालीच रजा दिली आहे. त्या पूजेचा खर्च अंडी आणि दूध यांवर करावा.

केव्हा धावावे

ताप आला, जखम लाल होऊन तिला घाण वास सुटला, पू आला किंवा टाका उसवला, तर थांबू नका. तासाभरात एक घडी पूर्ण भिजेल इतके रक्त जाऊ लागले, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, छातीत दुखले, फार डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटका आला, तर उजाडायची वाट न पाहता १०८ ला फोन करा. बाळंतीण सारखी रडते, झोपत नाही, बाळाकडे बघत नाही, असे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले तर तोही आजारच आहे. तिला भगताकडे नेऊ नका, डॉक्टरांकडे न्या.

सरकारी रुग्णालयात सिझर, औषधे, रक्त, सात दिवसांपर्यंतचे जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सारे २०११ पासून मोफत आहे. ते हक्काने मागावे. आशाताई सिझरनंतर सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत पाच वेळा घरी येतात. त्यांना दारातूनच परत पाठवू नका, टाके आणि बाळ दोन्ही दाखवा. पुढचा गर्भ किमान दोन वर्षे राहू नये म्हणून काय करायचे तेही याच काळात नवरा-बायकोने मिळून विचारावे.

बाबासाहेबांनी मागितलेली विश्रांती

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे मंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी ठासून सांगितले. १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ पासून पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आहे. पण भातलावणीला जाणाऱ्या, मुंबईत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आमच्या भगिनीला ती रजा कोण देणार? तिचा मालक देत नाही, तेव्हा ती घराने आणि वाडीनेच दिली पाहिजे.

हे अवघड नाही. नवरा मुंबईला कामावर असेल तर त्याने पहिले आठ दिवस तरी सुट्टी काढून गावी यावे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्या मंडळाने बाळंतिणीच्या घरी सहा आठवडे पाणी कोण भरणार, याची पाळी लावावी. महिला मंडळाने एक वेळचा डबा वाटून घ्यावा. सासूबाईंनी सुनेला "ऊठ" म्हणण्याआधी आपल्या बाळंतपणात आपल्याला कोणी बसू दिले होते का, हे आठवावे. ज्या वाडीत बाळंतिणीच्या डोक्यावर सहा आठवडे हंडा चढत नाही, त्या वाडीला बाबासाहेबांचे १९२८ चे म्हणणे कळले, असे आम्ही समजू.

जयभीम!