घोड्यांतील खुरपटलदाह व चाऱ्यातील साखर

घोड्याच्या खुराची बाह्य भिंत व आतील खुरास्थी यांना जोडणाऱ्या नाजूक पटलांचा हा विकार लॅमिनायटिस या नावानेही ओळखला जातो. पटलांची पकड सुटल्यास शरीराच्या भाराने खुरास्थी फिरते किंवा खाली सरकते. खूर गरम लागतो, घोडा लंगडतो आणि पुढचे पाय पुढे ताणून भार मागील पायांवर घेतो. तीव्र विकारात जनावर कायमचे निकामी होऊ शकते.

कारणे : धान्य अतिप्रमाणात खाणे, विषबाधा व एका पायावर दीर्घकाळ भार पडणे ही कारणे पूर्वीपासून ज्ञात आहेत. रक्तातील इन्शुलीन दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास निरोगी तट्टांनाही हा विकार होतो, असे ऑस्ट्रेलियातील प्रयोगात २००७ मध्ये दिसून आले. त्यामुळे स्थूल व इन्शुलिनाला कमी प्रतिसाद देणाऱ्या घोड्यांच्या चाऱ्यातील साखर व स्टार्च यांना विशेष महत्त्व आले.

चारा : समशीतोष्ण प्रदेशांतील राय, ओट इ. गवते फ्रुक्टनाच्या रूपात शर्करा साठवितात. दिवसाच्या उन्हात ती वाढते आणि पहाटे सर्वांत कमी असते; मात्र कडाक्याच्या थंडीत वाढ खुंटल्यामुळे रात्रीही ती टिकून राहते. मारवेल, हरळी यांसारखी उष्ण प्रदेशातील गवते मुख्यतः स्टार्च साठवितात व पानांतील त्याचे प्रमाण मर्यादित असते. उसाचे वाढे व गूळ यांत मात्र साखर पुष्कळ असते.

व्यवस्थापन : साखर व स्टार्च मिळून चाऱ्याच्या शुष्क भाराच्या सु. १० टक्क्यांपेक्षा कमी असावेत. स्थूल घोड्यास रोज शरीरभाराच्या सु. १·५ टक्के शुष्क चारा देतात; ३०० किग्रॅ. वजनाच्या तट्टास हा ४·५ किग्रॅ. होतो. पूर्ण उपासमार करू नये. तीमुळे रक्तातील मेद धोकादायक प्रमाणात वाढतो. वाळलेले गवत अर्धा ते एक तास पाण्यात भिजवून पाणी टाकून दिल्यास साखर कमी होते. खनिजेही निघून जात असल्याने ती वेगळी द्यावी लागतात. उष्ण हवेत अधिक वेळ भिजविलेले गवत आंबते, म्हणून ते लगेच गव्हाणीत घालावे. 

सर्वसाधारण मोटार वाहतुकीस बंदी असलेल्या रायगड जिल्ह्यातील माथेरान येथे घोडे प्रवासी व सामान वाहतात. तेथे घोडा लंगडला की मालकाची कमाई थांबते. प्रवाशांनी कौतुकाने दिलेली बिस्किटे वा गूळ अशा विकारप्रवण घोड्यास अपायकारक ठरतात. पहिल्या लक्षणासरशी काम थांबवून घोड्यास मऊ जमिनीवर उभे करावे व पशुवैद्यास पाचारण करावे.