घरात बंदूक ठेवायची का? आधी नियम ३ वाचा

नांदगाव पेठेत बैठकीला बसलो की पोरं हे विचारतातच. पहिलं शील सांगून त्यांना गप्प करणं आम्हाला पटत नाही.

ॲट्रॉसिटी नियम, १९९५ मधला नियम ३ वाचा. अत्याचारप्रवण भागात गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्यांचे शस्त्रपरवाने रद्द करता येतात आणि आपल्या लोकांना परवाने देता येतात. १९९० पासून बौद्धही अनुसूचित जातींत मोडतात.

इथला अर्ज अमरावतीच्या पोलीस आयुक्तांकडे जातो. वय २१ पूर्ण हवं, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही. बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळीकडे.

गावठी कट्टा मात्र नकोच! किमान २ वर्षांची कैद, शिवाय फिर्यादीच आरोपी होऊन बसतो.

आमच्या मते आधी धमकीची लेखी तक्रार ठाण्यात द्या, पोच घ्या. तीच पोच परवान्याच्या अर्जाला जोडा.