शिक्र्याच्या नावावर

ताडोबात मोहर्ली गेटातून जिप्सी आत शिरली की सगळ्यांचे कान वाघाच्या आशेनं चितळाच्या नि वानराच्या कॉलकडे लागलेले. डोक्यावर सातभाई पक्ष्यांनी एकदम गिल्ला केला, तरी सहसा कोणी मान वर करत नाही. केली तर कदाचित सातभाईंचा वाघ दिसेल: शिक्रा.

आकार पारव्याहूनही कमी, जेमतेम 26 ते 30 सेंटिमीटर. पाठ राखाडी, छातीवर तांबूस बारीक आडव्या रेघा, गळ्यावर मधोमध एक उभी काळसर रेघ. नराचे डोळे लालभडक, मादीचे पिवळट-नारिंगी. अंगानं थोराड मात्र मादीच. शिकारी पक्ष्यांत बहुतेक घरी हीच रीत. सहाराच्या दक्षिणेपासून मध्य आशिया, भारत आणि पार आग्नेय आशियापर्यंत याचा संसार पसरलाय. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पानांआड गप्प बसायचं आणि सरडा, उंदीर, खार, नाकतोडा, एखादा लहान पक्षी, जे बेसावध सापडेल त्यावर झडप घालायची. मुंबईत कुलाब्याच्या नौदल हेलिकॉप्टर तळाला 'आयएनएस शिक्रा' म्हणतात, ते उगाच नाही.

पण मला शिकारीपेक्षा त्याच्या दराऱ्याची गोष्ट भारी वाटते, कारण त्यावर दुसरेच हात मारून घेतात. पावशाच बघा. पेरणीच्या तोंडावर रात्रंदिवस ओरडणारा, कोकिळेच्या कुळातला, सुरवंटांवर जगणारा निरुपद्रवी पक्षी. रंग, छातीच्या रेघा, पट्ट्यांची शेपटी, पंख मारत मधेच तरंगण्याची ढब, फांदीवर बसायची लकब, सगळं शिक्र्यासारखं. कमाल म्हणजे पावशाचं पिल्लूसुद्धा शिक्र्याच्या पिल्लासारखं, खालून तपकिरी ठिपक्या-फराट्यांचं! पावशाची मादी अंडी घालते सातभाईंच्या घरट्यात. शिक्र्याचं सोंग तिथे कामी येत असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. फरक बघायचा तर चोचीकडे बघा: शिक्र्याची आखूड नि आकडेदार, पावशाची जवळजवळ सरळ.

कोतवाल पक्ष्याला रूप उसनं घ्यायचीही गरज पडत नाही. तो नुसता शिक्र्याचा आवाज काढतो. साळुंक्या भेदरून उडतात, आणि त्यांनी हुडकलेला किडा कोतवालाच्या चोचीत जातो.